पोदेराचा भोंगा

"गो, विजयला ते टूल धाडण्याआधी त्यात तुझं नाव घाल. मागीर रडत बसशील," ऑफिसातल्या सिद्धीने फोनवर बजावलं होतं. गौरवीने ते हसण्यावारी नेलं. विजयदादा म्हणजे टीमचा मोठा, तिच्या बाळाच्या बारशाला कोल्हापूरहून चांदीचे वाळे घेऊन आलेला माणूस!

जावा भाषेत वेबसाइट बांधायची तर एक ओळ बदलली की सर्व्हर बंद करा, पुन्हा चालू करा, पाच मिनिटं बघत बसा. मुळगावच्या घरात गौरवीचं बाळ झोपायचंच मुळी वीस मिनिटं. म्हणून तिने हे टूल लिहिलं. इथे फाईल सेव्ह केली की सर्व्हर कुठेही असो, चालू पान तिथल्या तिथे बदलायचं. गुप्त शब्द तेवढा ठाऊक हवा. सकाळी भोंगा वाजवत दारात ताजा पाव आणणाऱ्या पोदेराचंच नाव तिने त्याला दिलं. बदल पोचला की भोंगाही वाजायचा, पों पों. बाळ दचकून उठू लागलं तसा तो तिने बंद केला.

महिन्याभरात विजयच्या हातात पोदेराचा 'वायुवेग' झाला. पणजीत गिऱ्हाइकांसमोर कार्यक्रम ठरला, पत्रिकेवर नाव विजयचं.

"अगं, तू आता बाळाकडे बघ," तो फोनवर म्हणाला. "टीमचंच आहे ना सगळं?"

गौरवीने दात आवळले. नाव बदललं तरी गुप्त शब्द तोच होता. तो कुठे बदलायचा हेच विजयला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी अकराला, बाळाला पाजत, तिने लॅपटॉपवर पणजीचा कार्यक्रम थेट लावला. विजय सांगत होता, "मला वाट बघायला आवडत नाही, त्यातून हे सुचलं."

तिने एका हाताने भोंगा चालू केला. सेव्ह.

पों पों!

"पोदेर आयलो रे!" मागून कोणी ओरडलं. सभागृह खिदळलं. पडद्यावरचा 'वायुवेग' जाऊन 'पोदेर' आला. पों पों! त्याखाली, 'बनवणारी: गौरवी, मुळगाव'.

"बंद कर ते," मालक बाबाजी शेट म्हणाले.

विजय नुसता कळा दाबत राहिला.

"तूच बनवलंस ना? मग बंद कर की!"

त्याच्या कपाळावरचा घाम तिला इथून दिसत होता. तिने आणखी सहा वेळा सेव्ह केलं. सहाव्यांदा तर गरज नव्हती.

विजय त्यानंतर ऑफिसात आलाच नाही. शुक्रवारी गावाहून त्याच्या बायकोचा, मंजुळाचा फोन. "ताई, तीन दिवस ह्यांचा फोन लागत नाही हो."

गौरवीला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर ती पुन्हा भोंगा वाजवील. पण बाळ झोपलं की ती त्याचा नंबर उघडून बघते. शेवटचा ऑनलाइन: मंगळवार, अकरा चाळीस. त्याच्या दारात जायला तिचा पाय उचलत नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणी डिचोलीला जाणार असाल, तर बाजारामागच्या निळ्या गेटच्या इमारतीत, दुसऱ्या माळ्यावर, विजयच्या खोलीचं दार तेवढं वाजवा. गौरवीने धाडलंय म्हणू नका. आत कोणी हलतंय का, एवढंच बघून कळवा.