मधला पंख

"त्या ऋतुजाला पाणी वर फेकून राहिलंय, बाई. एकदा नीट बघा," जाळं खांद्यावर टाकत नरसिंग म्हणाला. शिवकन्या तेव्हा पुढच्या पंखाचा शेवटचा स्क्रू आवळत होती. तिने मान वर केली नाही.

"वारं वाढलंय मामा. श्रावणातलं वारं आहे."

"वारं मला बी कळतंय की. जलम गेला ह्या पाण्यावर."

तो नावेकडे गेला. मासे धरणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार, असं तिच्या मनात आलं. तिने स्क्रू आणखी पाव फेरा आवळला.

विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी असलेल्या त्या लहानशा जलक्रीडा केंद्रात शिवकन्या सामान सांभाळत असे. सामान म्हणजे मुख्यतः शिडाच्या फळ्या. फळीच्या पोटाखाली मांडीएवढ्या उंचीचा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला विमानासारखे पंख, एक पुढे, एक मागे. वेग आला की पुढचा पंख पाण्याखालून अख्खी फळी उचलतो आणि माणूस पाण्याला न शिवता सरकत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने चार वर्षांच्या लेकीचा, तनुजाचा, हात इतका घट्ट धरला होता की पोर रडायला लागली होती.

कोणाला कुठली फळी आणि पुढे कुठल्या मापाचा पंख, हे ती ठरवायची. बी.एस्सी.च्या फिजिक्सचा तिला झालेला हा पहिला उपयोग. शेडच्या भिंतीवर तिने तक्ता लावला होता. सत्तर किलोच्या वर: रुंद फळी, मोठा पंख. पन्नास ते सत्तर: लाल फळी, मधला पंख. पन्नासच्या खाली लहान पंख लागतो, आणि तो केंद्राने घेतलाच नव्हता. त्या ओळीपुढे तिने लाल स्केचपेनने फुली मारली होती. हलक्या माणसाखाली मोठा पंख आला तर फळी त्याच्या पायांना ऐकत नाही. नाक वर करते आणि माणसाला पंखाच्याच धारेवर टाकते.

त्या दिवशी संध्याकाळी ऋतुजाला नरसिंगच्या नावेतून आणावं लागलं. खांद्यावर वीतभर ओरखडा होता. ऋतुजा मुखेडची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि नांदेडात मामाकडे राहायची. पुढच्या महिन्यात निवड चाचणी होती. केंद्राला एकच जागा होती आणि ती ऋतुजाला मिळणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

प्रशिक्षक आदिनाथ सरांनी फळी उलटी करून पाहिली.

"मोठा पंख बसवला होता तुम्ही."

"मधलाच आहे सर. बघा की."

"आत्ता मधला दिसून राहिला. पाण्यात असताना कुठला होता?"

"पाण्यात जाऊन कोण बदलणार सर? मासे?"

सर हसले नाहीत. "अजून दोन बोटं वर लागला असता तर गळा होता. ध्यानात ठेवा."

शिवकन्याने ध्यानात ठेवलं, पण ते वेगळंच. शेडची दुसरी किल्ली सरांकडे होती. मागच्या आठवड्यापासून ते सकाळी तिच्या आधी येत होते, आणि का, ते सांगत नव्हते. सरांचा पुतण्या शिवम त्याच जागेसाठी खेळत होता. मोठा आणि मधला पंख शेजारी ठेवले तरच फरक दिसतो; गढूळ पाण्याखाली तर मुळीच नाही. सकाळी मोठा बसवायचा, फळी काठाला आली की काढून मधला लावायचा. ओरखडा पोरीला, आणि दोष सामान सांभाळणाऱ्या बाईला.

दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून मरून नेलपॉलिश काढलं. ऋतुजाच्या फळीच्या प्रत्येक स्क्रूवर, अर्धा थेंब स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा पंखावर, अशी रेघ ओढली. कुणी स्क्रू फिरवला की रेघ तुटणार.

"आई, फळीला पण लग्नाला जायचं?" तनुजाने विचारलं.

"हो. तू कुणाला सांगू नको."

तीन दिवस ती सरांकडे बघत राहिली. ते बोलायला लागले की हातांकडे बघायची. शिवम चहा घेऊन आला तर म्हणाली, "ठेव तिकडं," आणि तो गेल्यावर फळी तपासून घेतली. रेघा तशाच होत्या. शनिवारी ऋतुजा पुन्हा फेकली गेली. शिवकन्या पळत काठावर गेली, फळी ओढून घेतली, गुडघ्यांवर बसून एकेक स्क्रू पाहिला. एकही रेघ तुटलेली नव्हती.

म्हणजे पंख बरोबर होता आणि फळीही. उरलं वजन.

पण वजन तर ती स्वतः दर सोमवारी घ्यायची. मोंढ्यातल्या एका अडत्याने दिलेला, सोयाबीनच्या पोत्यांचा काटा होता तो. शंभर ग्रॅमचीही चूक करत नसे. आणि ऋतुजा दर सोमवारी चोपन्न भरायची. ती वहीची पानं मागे उलटत गेली. पावणेदोन महिने, चोपन्न. इतकं सारखं वजन कुणाचं राहतं?

सोमवारी तिने आधी सरांना बोलावलं.

"तुम्ही इथंच थांबा. मला तुमच्यासमोर दाखवायचं आहे."

ऋतुजा आली, ढगळ जॅकेट घालून, आणि सवयीने काट्यावर चढली. चोपन्न पूर्णांक एक.

"जॅकेट काढ," शिवकन्या म्हणाली.

"राहू द्या की ताई. थंडी वाजून राहिली."

"काढ म्हणते ना."

ऋतुजाने सरांकडे पाहिलं, मग दाराकडे. जॅकेटची चेन उघडून तिने आत कमरेला बांधलेली कापडी पिशवी सोडली आणि टेबलावर ठेवली. पत्रा खणकन वाजला. पिशवीत लोखंडी वजनं होती, दोन दोन किलोची दोन आणि बाकी लहान, मिळून सहा किलो.

काट्यावर अठ्ठेचाळीस पूर्णांक एक.

"मामाच्या दुकानातली हायत," ऋतुजा म्हणाली, जणू तेवढंच विचारलं होतं. "आता तिथं बी कम्प्युटर काटा आलाय. कुणी वापरत न्हाई."

शिवकन्याने सुटकेचा निःश्वास टाकला. ती सरांकडे वळून म्हणालीसुद्धा, "बघितलं सर? पंख बरोबरच होता."

"बघितलं," सर म्हणाले. "मी हप्ताभर सकाळी लवकर येऊन तुमचंच काम तपासून राहिलो होतो. माफ करा." मग ते तक्त्याकडे वळले. "ऋतुजा, पन्नासच्या खाली पाण्यावर न्हाई. ही फुली मी न्हाई मारलेली. वजन वाढव, मग ये."

"कसं वाढवू सर?"

"कसं म्हणजे? खात जा बाई."

यावर ऋतुजा हसली. सगळेच हसले. तिने वजनं पुन्हा पिशवीत भरली, एकावर एक नीट, आणि तनुजाच्या गालाला बोट लावून निघून गेली. काट्याचे आकडे शून्यावर आले.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही.

गुरुवारी घरी तनुजाचा डबा उघडला तर दोन्ही पोळ्या, भाजी, उकडलेलं अंडं तसंच होतं.

"का गं? दोन महिने तर पूर्ण संपवत होतीस."

"मी न्हाई. ऋतुजाताई संपवायची." तनुजा खाली बसून बुटाचा पट्टा सोडत होती. "मी एक घास, ताई तीन घास. असा खेळ होता. ताई येत नाही तर कोण खाणार?"

शिवकन्याच्या हातात झाकण राहिलं. पोर डबा संपवते, हे तिने सासूला, आईला, शेजारच्या पार्वतीबाईंना, सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी ती तनुजाला कडेवर घेऊन तरोड्याला, ऋतुजाच्या मामाकडे गेली. खाली किराणा दुकान, बाजूने लोखंडी जिना, वर घर. मामी, उमादेवी, दारातच उभ्या राहिल्या. बोलणं मऊ होतं.

"ऋतुजा क्लासला गेली. आता परीक्षा हायत तिच्या. पाण्याचा नाद सोडला तिनं, बरं झालं."

"जेवण नीट करते का?"

"आमच्यात श्रावणभर एकदाच जेवतेत. दिवस मावळला की चूल धुऊन टाकतो. तिला उशीर व्हायचा, आम्ही काय करावं?" मग त्यांनी तनुजाकडे पाहिलं. "तुमचं अन् तिचं काय नातं म्हणलात?"

शिवकन्याची नजर खाली गेली. डबा तर श्रावणाच्या आधीपासून संपत होता. मामींच्या पायाशी निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या, धरणातला काळा चिखल वाळून टाचेला चिकटलेला. ऋतुजाकडे दुसऱ्या चपला नव्हत्या. शिवकन्याने त्या पाहिल्या, आणि आपण पाहिल्या हे मामींनी पाहिलं. तरी ती "येते" म्हणून जिना उतरली. दुसऱ्याचं घर. कडेवर पोर.

श्रावण संपल्यावर ती पुन्हा गेली. दार उघडलं नाही. फोन बंद होता. मुखेडला ऋतुजाच्या आईला लावला तर त्या म्हणाल्या, "मजेत हाय की. मामीच्या हातचं लई आवडतंय म्हणती." आईला हे कधी सांगितलं, कालच्या फोनवर की दोन महिन्यांपूर्वी, ते विचारेपर्यंत रेंज गेली.

चाचणीला शिवम गेला. सरांनी लहान पंखासाठी अर्ज केला आहे. नरसिंग रोज संध्याकाळी नाव काठाला लावताना शेडकडे बघतो.

शिवकन्या आता भेटेल त्याला एकच सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगणं आहे. कधी तरोड्याकडे गेलात तर त्या दुकानावरून खालच्या खाली निघून जाऊ नका. जिना चढा. ऋतुजा आहे का विचारा. नाही म्हणतील, तरी थांबा, पाणी मागा, बसा. ती समोर येईपर्यंत उठू नका. आणि आली की पेपर कसे गेले, हे नंतर विचारा. आधी तिच्या मनगटांकडे बघा, आणि आज जेवलीस का ते विचारा.