ठणठणीत आत्या

माझ्या नणंदेला आम्ही घरात महाराणी म्हणतो. तिच्या तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणात नाही. तोंडावर मी तिला ताई म्हणते, आमची मुलगी आत्या म्हणते आणि माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बहुतेक वेळा नुसतं "हो" म्हणतो.

हे नाव मीच ठेवलं, लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी. बाई एका मोठ्या वाचनालयाची प्रमुख होती. वरच्या फळीवरचं पुस्तक तिनं आयुष्यात स्वतःच्या हातानं काढलं नसेल. तिनं नुसती मान हलवायची, की मदतनीस शिडी घेऊन हजर. आमच्याकडे आली की बैठकीतली उंच, हातांची खुर्ची तिची. तिथून राज्यकारभार चालायचा. हे दे, ते उचल, खिडकी लाव, या डब्याचं झाकण काढून आण. दिवस कलला की घरातसुद्धा डोळ्यांवर काळा गॉगल. केस मानेपर्यंतही येणार नाहीत असे कापलेले, कारण वेणीफणी म्हणे रिकामटेकड्या बायकांचं काम. मी सकाळपासून राबून घामाघूम झालेली असायचे आणि ही गॉगलमधून माझ्याकडे बघत म्हणायची, "वहिनी, तुम्ही फार धावपळ करता." हातात जे असेल ते मी जरा जोरात आपटायचे.

त्यात तिनं माझी मुलगीही बिघडवायला घेतली. मला न विचारता पोरीचे लांब केस कापून आणले. तिला स्वतःसारखा गॉगल आणून दिला. खुर्चीत कसं बसायचं, कुणाला काय आणायला सांगायचं, सांगताना आवाज कसा ठेवायचा म्हणजे समोरचा मुकाट उठतो, याचे धडे आत्या-भाचीत चालत. पोरगी पंधराची झाली आणि घरात दोन महाराण्या झाल्या. फरक एवढाच, की धाकटी आजारी होती.

सकाळी ती बरी असायची. दुपार कलली की पापण्या खाली यायला लागायच्या. जिना चढताना कठड्याला लोंबकळायची. कंगवा डोक्यापर्यंत न्यायची आणि हात आपोआप खाली यायचा. पहिल्या डॉक्टरांनी तिला आळशी ठरवलं, दुसऱ्यांनी टॉनिक दिलं. तिसऱ्यांनी स्नायूंच्या थकव्यावरची नेहमीची गोळी दिली आणि ती अशी उलटली, की पोरीचा श्वासच अडकला. ती अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडली होती तेव्हा मी काय भोगलं ते मी कुणाला सांगत बसत नाही. त्यानंतर तिला साधी सर्दी झाली तरी आम्ही रात्रभर उशाशी बसून तिचे श्वास मोजतो.

हे कुठून आलं, यावर महाराणींचा निकाल तयार होता. "आमच्या घराण्यात असलं काही नाही. वहिनींच्या माहेरी बघा." आता माझ्या माहेरी माझी आई सत्तरी उलटल्यावरही चौथ्या मजल्यावर जिन्यानं जाते, कारण लिफ्ट चालवणाऱ्याशी तिचं भांडण आहे. आणि यांच्या घराण्यात? माझ्या नवऱ्याला जिन्याच्या प्रत्येक वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबावं लागतं, पायात चप्पल असली तरी. सासऱ्यांचा एक फोटो नाही ज्यात त्यांचे डोळे पूर्ण उघडे आहेत. ते ध्यानस्थ वृत्तीचे होते म्हणे. मी हे सगळं मनात म्हणायचे. मोठ्यानं म्हटलं असतं तर घरात भांडण पेटलं असतं आणि पोरीच्या वाट्याला काहीच आलं नसतं.

असं करत करत आम्ही एका डॉक्टरबाईंकडे पोचलो. ज्यांच्या आजाराला नावच सापडत नाही, असेच रोगी त्या बघतात. बोलायला मऊ, पण प्रश्न विचारायला चिवट; नवऱ्याच्या जिन्यावरच्या थांब्यांचीही त्यांनी लगेच नोंद केली. त्यांनी मुलीचं, आमचं दोघांचं आणि महाराणींचं रक्त घेतलं. जनुकं वाचायची आणि आजाऱ्यांत आहे पण धडधाकटांत नाही अशी चूक शोधायची, असा त्यांचा बेत. तब्येतीबद्दल विचारलं तेव्हा महाराणी ताठ बसून म्हणाली, "मी ठणठणीत आहे. नोकरीत आजारपणाची एक रजा नाही." डॉक्टरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिनं माझ्याकडे बघून दिलं.

निकाल यायला बरेच महिने लागले. आम्ही दोघं ऐकायला गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, एक चूक सापडली आहे. मुलीत आहे, वडिलांत आहे, आईत नाही. त्या क्षणी मी नवऱ्याकडे जे पाहिलं, ते त्यानं खाली वाकून नाडी बांधायच्या निमित्तानं चुकवलं. पण अडचण अशी, की ज्या जनुकात ही चूक आहे त्यानं आजार होतो असं जगात अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. अशी अनोळखी जनुकं देशोदेशीच्या प्रयोगशाळा एकमेकींना कळवतात, अगदी स्थळं कळवावीत तशी. आमच्या जनुकाला लांबच्या देशातून एक उत्तर आलं होतं. तिथल्या एका घरात तेच जनुक बिघडलेलं, तोच थकवा आणि तिथल्या मुलाला एक वेगळी गोळी लागू पडलेली.

"मग द्या ना ती गोळी," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. तीच चूक मुलीच्या आत्यांमध्येही आहे, म्हणाल्या. आणि त्या ठणठणीत आहेत. चूक असूनही एक जण धडधाकट असेल, तर बहुधा आजाराचं कारण हे नाही. पहिली गोळी अंदाजानं दिली तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मी अंदाजानं दुसरी देणार नाही. मग त्यांनी सहज विचारलं, की आत्या संध्याकाळी थकतात का.

मला हसू आलं. "थकायला काम करावं लागतं, डॉक्टर."

"पापण्या जड होतात का?"

"कोण जाणे. संध्याकाळी गॉगल असतो."

"घरात?"

"घरात."

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. माझं हसू मात्र अर्ध्यावर राहिलं. ती उंच खुर्ची, ज्यातून हातांवर भार देऊन उठता येतं. ती झाकणं, ते कापलेले केस. इतकी वर्षं मी जिला तोरा समजत होते, तो तोरा नव्हताच. खरं सांगायचं तर मला बरं वाटायच्या आधी तिचा भयंकर राग आला. हे सगळं तिला माहीत होतं आणि ती डॉक्टरांपुढे ठणठणीत म्हणाली होती.

महाराणीला नीट तपासायचं ठरलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत, फक्त वेळ सकाळची पहिली मागून घेतली. आदला अख्खा दिवस ती झोपून होती, हे मला नवऱ्याकडून नंतर कळलं. परीक्षा मात्र पहिल्या नंबरानं पास. हात वर धरा म्हटलं, धरले. खुर्चीतून उठा म्हटलं, उठली. उठताना माझ्याकडे बघून मंद हसली. डॉक्टरबाईंनी एकदा संध्याकाळीही बघू या म्हटलं, तर महाराणी म्हणाली, एकदा झाली तपासणी, पुन्हा नाही. त्यावर जबरदस्ती करता येत नाही, ते त्यांचं शरीर आहे, असं डॉक्टरबाईंनी मला शांतपणे समजावलं.

डॉक्टरबाईंना जबरदस्ती करता येत नसेल. मी भावजय आहे.

मी फोन करून ताईंना म्हटलं, पडदे घ्यायचेत, तुमच्यासारखी पारख कुणाला नाही, चला ना बरोबर. स्तुतीला ती कधी नाही म्हणत नाही. माझा डाव सरळ होता. दुपारभर बाजारात पायपीट करवायची, जमतील तितके जिने चढवायचे आणि संध्याकाळी "रिपोर्ट तेवढा घेऊ" म्हणून डॉक्टरबाईंच्या दारात नेऊन उभं करायचं. मुलीला घेऊन नवरा परस्पर तिथे येणार होता.

पहिल्याच दुकानात महाराणीनं खुर्ची मागवली. दुकानदारानं ती आणली, पाठोपाठ पाणी आणलं आणि मग सगळं दुकान तिच्या पायाशी आणून उलगडलं. कापड उंच धरून दाखवायला तिनं मला उभं केलं. "जरा वर, वहिनी. अजून वर. उजेडात बघू." दुसऱ्या दुकानात तेच. तिसरं दुकान माडीवर होतं, तर तिनं खालूनच हाक मारून मालकाला नमुने घेऊन उतरायला लावलं आणि न आवडलेले परत वर नेऊन द्यायला मला पिटाळलं. संध्याकाळी आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा माझे खांदे उतरले होते, जीभ बाहेर आली होती आणि पडदा एकही घेतलेला नव्हता. महाराणी गॉगल लावून, पर्स मांडीवर ठेवून, ताजीतवानी बसली होती. डॉक्टरबाईंनी दार उघडल्यावर आधी माझीच विचारपूस केली.

आत मुलगी आणि नवरा बसले होते. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आमचं कुटुंब काढलेलं होतं. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळं, आजारी असेल ते काळं भरलेलं. मुलीचं वर्तुळ काळं, माझ्या नवऱ्याचा चौकोन काळा. महाराणीचं वर्तुळ रिकामं. डॉक्टरबाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं, की या एका रिकाम्या वर्तुळामुळे मला हे जनुक सोडून द्यावं लागतंय. पुन्हा पहिल्यापासून शोधायचं, त्याला वर्षं लागतील, आणि तोवर ती गोळी नाही. एवढं सांगून त्यांनी फळा पुसायचं डस्टर हातात घेतलं.

मी म्हटलं, "ताई, जिंकलात तुम्ही. आजार माझ्या माहेरचा. मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगते. पण त्यानं हिला गोळी मिळणार नाही."

महाराणी हलली नाही. नवरा पहिल्यांदाच "हो" म्हणाला नाही. तो बहिणीकडे बघत राहिला.

मग मुलगी बोलली. संध्याकाळ झाली होती, तिचा शब्द जड येत होता. "आत्या, तू शिकवलंस ते सगळं मी करून बघितलं गं. गॉगल, खुर्ची, सगळं. हातपाय लपवता येतात. श्वास नाही लपवता येत."

महाराणीनं गॉगल काढला. इतक्या वर्षांत संध्याकाळी तिचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. पापण्या अर्ध्याच्या खाली आलेल्या, आमच्या मुलीच्या येतात अगदी तशा.

"तू पाच-सहा वर्षांची असताना ओळखलं होतं मी," ती पोरीला म्हणाली. "मी निभावलं आयुष्यभर, कुणाला पत्ता लागू दिला नाही. वाटलं, तुलाही शिकवीन, तूही निभावशील. कुणी तुला बिचारी म्हणायला नको." मग माझ्याकडे वळून जरा फणकाऱ्यानं म्हणाली, "आणि तुम्हाला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं."

डॉक्टरबाईंनी तिला दोन्ही हात समोर धरायला सांगितलं. ते लगेचच थरथरायला लागले आणि मांडीवर पडले. डस्टर बाजूला ठेवून डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या मुलीला दाखल करा, पहिली गोळी माझ्या डोळ्यांसमोर द्यायची. ती गोळी लागू पडली, दोघींनाही. कळायला काही आठवडे गेले, आणि आता पोरगी जिना चढून वर येते आणि आल्या आल्या माझ्याशी वाद घालते. पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी डॉक्टरबाई वर्तुळ भरायला फळ्याकडे वळल्या, तर महाराणी म्हणाली, थांबा, ते माझं आहे. उठायला लागली आणि खुर्चीतच राहिली. मग माझ्यापुढे हात करून म्हणाली, "वहिनी, मला उठता येत नाहीये." हुकूम सोडून दुसऱ्या कुठल्या आवाजात ती माझ्याशी बोलू शकते, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला उठवून फळ्यापाशी नेलं. काळा मार्कर घेऊन तिनं हात वर नेला, तो खाली यायला लागला तसा मी कोपराखाली माझा हात लावला, दिवसभर पडदे धरून दुखणारा. तिनं सावकाश, कडेपर्यंत, एकही पांढरा ठिपका न सोडता ते वर्तुळ भरलं आणि भरून होईपर्यंत मी तिचं कोपर धरून उभी राहिले.