टीपॉयचा चौथा पाय

मित्रांनो, खिडकीजवळ उभा असलेला जुना लाकडी टीपॉय तो मीच. मला घडवणाऱ्या सुताराने तीनच पाय दिले, आणि कितीही उंचसखल जमिनीवर मी कधी डगमगलो नाही. आजोबा-आजी समोरासमोर बसत. "अहो, पुस्तक ठेवा, चहा गार होतोय," असे आजी रोज म्हणत. आजी गेल्या आणि समोरची खुर्ची रिकामी झाली. आजोबा मग माझ्याशीच बोलू लागले, तेही ओठांतल्या ओठांत.

एकदा सूनबाईंनी विचारले, "बाबा, याचा एक पाय कधी मोडला हो?"

आजोबा नुसते खाकरले. तो होकार समजून सूनबाईंनी एका सुताराला बोलावले.

"ताई, आता बघा, चारचौघांत शोभेल!" म्हणत त्याने चौथा पाय ठोकला.

तेव्हापासून मी डुगडुगू लागलो. पायाखाली कागदाची घडी घातली, तरी चहा सांडायचा तो सांडलाच. सूनबाई वैतागल्या. "उद्या देऊन टाकू भंगारात."

दुपारभर जाडजूड इंग्रजी शब्दकोशावर आजोबांचे बोट सरकत होते. मग त्यांनी चाचरत हाक मारली, "सूनबाई, जरा येतेस? म्हणजे... वेळ असेल तर."

"काय झालं, बाबा?"

"टीपॉय हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेलाय. मूळ शब्द तिपाई. ति म्हणजे तीन, पाई म्हणजे पाय. त्यावर चहा ठेवलेला दिसला, म्हणून साहेबांनी लिहिताना नावातही चहाचा 'टी' घातला."

"अगंबाई! म्हणजे चहा मागाहून घुसलाय होय?"

"हो. आणि पाय मोडलेलाच नव्हता गं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

सूनबाई हसल्या. त्यांनी मला आडवे धरले आणि आजोबांनी चौथा पाय सोडवला.

संध्याकाळी सूनबाई आपल्या कामाला लागल्या, आजोबा पुन्हा एकटेच बसले. खोटे कशाला सांगू, एकटेपण काही गेले नाही. पण निदान आम्ही दोघे आता डुगडुगत नव्हतो.

मित्रांनो, एखाद्यात काही कमी दिसले, तर जोडायला धावू नका. आधी त्याला त्याचे नाव विचारा, आणि तो हळू बोलत असेल तर थोडे थांबा.