टोपलीतला पाहुणा

सूनबाईने होडी सोडली तेव्हा फोन अजून तिच्या हातातच होता. समुद्रजीव तपासणाऱ्या बाई नुकत्याच सांगत होत्या, तिने पाठवलेल्या फोटोतला तो पिवळसर, ओल्या पिठासारखा थर म्हणजे परक्या समुद्रातला जीव आहे, कुठल्याशा जहाजाच्या तळाला चिकटून आला असावा. शिंपल्यांवर बसला की त्यांना गुदमरवतो. आणि तोडला तरी मरत नाही, तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो.

सकाळपासून सासरे तराफ्यावर तोच थर खरवडत बसले होते.

सासऱ्यांचा नियम साऱ्या खाडीला पाठ होता. शिंपले वाढवायला पाण्यात सोडलेले दोर तराफ्याच्या फळ्यांवर ओढून घ्यायचे, खरवडलेलं सगळं टोपलीत जमवायचं आणि शेवटी दोन्ही हातांनी, अगदी अर्घ्य द्यावं तसं, पाण्यात सोडायचं. समुद्राचं समुद्राला. आता ओहोटी लागली होती. आज टोपली उपडी झाली, तर ते तुकडे थेट शेजाऱ्यांच्या दोरांवर जाऊन बसणार होते.

वल्ही मारून तिचे खांदे भरून आले. तराफा दिसला तर सासरे टोपली घेऊन कडेलाच उभे. तिच्या हाका वाऱ्यावर गेल्या. होडी फळ्यांवर आदळली, ती गुडघ्यांवरच वर चढली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिने सासऱ्यांचा हात धरला.

"सोड गं. ज्याचं त्याला देतोय."

"मामंजी, हे आपल्या समुद्राचं नाहीच."

धापा टाकत तिने सगळं सांगितलं. सासऱ्यांनी टोपलीत निरखून पाहिलं, आणि तान्हं मूल सांभाळावं तशी ती पोटाशी धरून ते मागे सरले.

थर कडेच्या तीनच दोरांवर होता. दोघांनी ते ताडपत्रीत गुंडाळले. बातमी धक्क्यावर पोचली तशी कामं टाकून माणसं गोळा झाली. बेडूक म्हणून ओळखला जाणारा पाणबुड्या आधी तराफ्याखाली, मग शेजाऱ्यांच्या दोरांखाली शिरला. बराच वेळ नुसते बुडबुडे. शेवटी त्याचं डोकं वर आलं.

"कोरे करकरीत. एक ठिपका नाही."

धक्क्यावर शिट्ट्या वाजल्या. शेजारीण तर सूनबाईच्या गळ्यातच पडली, ओल्या कपड्यांची पर्वा न करता.

सासरे मात्र केव्हाच किनाऱ्यावर पोचले होते. पाण्यापासून लांब, तापल्या कातळावर टोपलीतलं सगळं पसरून ते काठी घेऊन, तुकडे उचलून पाण्यात नेऊ पाहणारे पक्षी हाकत होते.

"त्या बाईंना विचार," ते ओरडले, "हे वाळून मरायला किती दिवस लागतात. तोवर माझा मुक्काम इथेच."