दंडुक्याचा झाला हातोडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे. सभेत टेबलावर आपटून लोकांना गप्प करतात, तो. पण जन्माने मी हातोडा नाही. मी दंडुका होतो, आणि माझ्या आयुष्यातले पहिले काम म्हणजे वॉल्टर कुबियाकचे डोके फोडणे.

मिलवॉकीच्या ओतकाम कारखान्याच्या फाटकावर संप चालू होता. मालकाच्या पहारेकऱ्याने मला संपकरी वॉल्टरच्या कपाळावर हाणले. बर्फ लाल झाला. दुसरा घाव बसणार, तोच वॉल्टरची थोरली बहीण लिओना धावली, पहारेकऱ्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि तिने मला हिसकावून घेतले. पुढे कामगारांच्या हॉलमध्ये एका सुताराने मला कापले, घासले आणि मूठ बसवली. "ज्यानं आमची डोकी फोडली, तोच आता आमच्या सभा चालवेल!" लिओना म्हणाली, तेव्हा टाळ्यांनी हॉल दणाणला. मला भारी अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू?

मग बरीच वर्षे सुखाची गेली. लिओना अध्यक्ष होती. ती मला हलकेच आपटायची, तरी मागच्या बाकावरचे लोकसुद्धा चूप बसायचे. आमच्या हॉलचा एक रिवाज होता. मी ज्याच्या हातात, त्याने स्वतःचे मत मांडायचे नाही. अध्यक्षाला बोलायचेच असेल, तर मला विरुद्ध मताच्या माणसाकडे सोपवायचे, म्हणजे पक्षपाताचा ठपका नको. या रिवाजाचा त्या लोकांना कोण तोरा!

आणि ती निवडणूक आली. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती शोधू नका. ती आमच्या गोष्टीतल्या अमेरिकेत झाली, तुमच्या पुस्तकांतल्या नव्हे. देशाच्या अध्यक्षपदाला एकीकडे जनरल रोक उभा होता. संपकऱ्यांवर फौज सोडीन, असे तो उघड सांगे. दुसरीकडे गव्हर्नर मिलबर्न, गोड बोलून वचने विसरणारा. आणि तिसरी इंगा हाल्वरसन, वाटाणे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातली कामगार. ती आपली होती, पण निवडून येण्याची आशा नव्हती. हॉलने पाठिंबा कोणाला द्यायचा, हे रविवारच्या सभेत ठरायचे होते.

"इंगाला मत म्हणजे जनरलला मत!" वॉल्टर ओरडला. "आपली मतं फुटतील, एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

"आणि मिलबर्न कोण लागून गेला?" मागून कोणीतरी म्हणाले. "कमी सडका म्हणून तोच बटाटा किती वर्षं खायचा रे?"

"उपाशी मरण्यापेक्षा बरा!"

"मग खा की! सालीसकट खा!"

सगळे हसले आणि वॉल्टर लालबुंद झाला. लिओनाला राहवेना. तिला इंगाच्या बाजूने बोलायचे होते. रिवाजाप्रमाणे तिने मला वॉल्टरच्या हाती दिले. "धर, नीट सांभाळ," ती म्हणाली.

ती दोन वाक्ये बोलली असेल नसेल, कोणीतरी "घरभेदी!" म्हणून ओरडले. बिअरचा मग भिरभिरत आला आणि एकाचे पुढचे दात घेऊन गेला. खुर्च्या उडाल्या. काल एकाच ताटात मासा खाणारे आज एकमेकांना जमिनीवर पाडून लाथा घालत होते. वॉल्टर मला आपटत सुटला. टेबलावर ज्या ठोकळ्यावर मला आपटतात, तो दुभंगला.

"वेळ संपली, लिओना! खाली बस!"

"नाही बसत! फाटकावर ताठ उभा होतास, वॉल्टर. डोक्याची जखम भरली तुझी, पण कणा तिथंच पडला!"

त्याने मला उचलले. मी लाकूड, मला थांबता येत नाही. मी तिच्या डाव्या कानशिलावर बसलो. बर्फात झाला होता तसाच आवाज झाला.

हॉल गप्प झाला. मी एवढी वर्षे माणसे गप्प केली, पण अशी शांतता मी कधी आणली नव्हती. त्या दिवशी मतदान झालेच नाही. पाठिंबा कोणालाच मिळाला नाही.

रोक जिंकला. कोणामुळे, यावर ते लोक अजून भांडतात. वसंतात फौज आली. बंदुकीच्या दस्त्यांनी हॉलचे दार फोडले, माणसे फोडली, आणि सगळ्यांना एकाच ट्रकमध्ये कोंबून नेले. तू इंगाचा की मिलबर्नचा, असे शिपायांनी कोणालाही विचारले नाही.

आता मी लिओनाच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात पडून असतो. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुरुंगातून सुटल्यापासून वॉल्टर दर शुक्रवारी तळलेला मासा घेऊन येतो, तिच्या डाव्या बाजूला बसतो आणि खाली मान घालून पुटपुटतो, "चुकलं गं माझं, ताई."

परवा ती ताटावरून नजर न काढता म्हणाली, "ओठ हलतात तुझे, दिसतं मला. उजवीकडे येऊन बोल की मेल्या."

तो उठला नाही. त्याच्या ताटातला मासा थंड झाला.

मित्रांनो, भांडा. खुशाल भांडा, भांडल्याशिवाय काही ठरत नाही. पण हात उगारण्याआधी मला खाली ठेवा. आणि चूक झालीच, तर समोरच्याच्या ऐकू येणाऱ्या कानाकडे बसून बोला.