वरच्या फळीवरची विलायत

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने तिला बाजूला घेऊन, घरात कुणीतरी आजारी असावं अशा आवाजात सांगितलं होतं, "अगं, आपल्याकडे वासाचं काही चालत नाही."

नवरा चहाच्या कंपनीत चव घेणारा. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग. हा चमच्याने एकेका कपातला चहा सुर्रकन ओढणार, तोंडात घोळवणार, थुंकणार आणि पुढे सरकणार. "जावई चहा पिण्याचा पगार घेतात हो," असं तिचे वडील ज्याला त्याला सांगायचे, थुंकण्याचा भाग गाळून. त्या एका नाकापायी घरात बिनवासाचा साबण, बिनवासाची पावडर, आणि कुणी फुलं आणलीच तर त्यांची रवानगी गॅलरीत.

धाकटा दीर बोटीवर होता. दर खेपेला विलायतेहून दादासाठी कोलोन नाहीतर दाढीनंतरचं आफ्टरशेव्ह आणायचाच.

"अहो भाऊजी, यांना चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"दादा कधीतरी रिटायर होईलच की, वहिनी. तोवर वरच्या फळीवर ठेवा. अंधारात टिकतं."

असं करता करता कपाटाच्या वरच्या फळीवर एक छोटी विलायतच वसली. यार्डलीचं लॅव्हेंडर, ट्रम्परचं लिंबाचं, फ्लोरिसची सरळ अंगाची बाटली, पेनहॅलिगनची गळ्यात बो बांधलेली. ती त्यांची धूळ पुसायची, बुचाशी नाक नेऊन बघायची. उघडली मात्र एकही नाही. नवऱ्याच्या बरोबरीने तिनेही नोकरी केली म्हणायची, फक्त बिनपगारी.

शेवटी तो रिटायर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून किंकाळी आली.

"आई गं!"

"काय कापलंत?"

"काही नाही. लावलं! झोंबतंय!"

ती जाऊन बघते तो हा ओंजळभर लॅव्हेंडर तोंडावर मारून आरशासमोर डोळे घट्ट मिटून उभा.

"अहो, चार थेंब लावायचं असतं ते. तोंड नाही धुवायचं त्याने."

"शू! थांब. आत्ता नुसतं लॅव्हेंडर आहे. त्याच्यामागे काहीतरी येतंय... धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या चादरीसारखं."

दोन शब्दांच्या वर न बोलणारा हा माणूस त्या दिवशी जेवतानाही बोलत होता. रोज एक बाटली उतरायची. गॅलरीत खुर्च्या टाकून तो तिच्यापुढे मनगट धरायचा, "आता काय येतंय सांग." ती म्हणायची, "साबण." तो म्हणायचा, "साबण काय! मिरी आहे ती, आणि खाली लाकूड." मग तिलाही लाकूड यायला लागलं. लिफ्टमधली माणसं याच्या शेजारी उभी राहून लांब श्वास घ्यायची आणि हा साळसूदपणे छताकडे बघायचा. असा माणूस आपल्याच घरात इतकी वर्षं राहत होता, आणि आपल्याला पत्ता नाही! तिला अगदी नवं स्थळ आल्यासारखं वाटायला लागलं होतं.

आणि कंपनीच्या मॅनेजरबाईंचा फोन आला.

"उद्या चहाचे नमुने घेऊन येतायत," तो म्हणाला. "अजून दोन वर्षं कामावर या म्हणतायत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हटलं."

याचं 'बघू' म्हणजे 'हो'च असायचं. आजवर त्याने कुणाला नाही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

सकाळी तो जुन्या बिनवासाच्या साबणाने मान खसाखसा घासून बाहेर आला. बाटल्या पुन्हा फळीवर गेल्या.

"म्हणजे परत तेच?"

"अगं, एकदा चाखून तर बघतो. जीभ गंजलीय का कळेल."

तिने वाद घातला नाही. बाई आल्याचं ऐकून तिने स्टूल ओढलं, लिंबाची बाटली काढली आणि कानांमागे दोन थेंब लावले. मग, इतकी वर्षं थांबलोच आहोत तर कंजूषपणा कशाला, म्हणून गळ्यालाही लावलं.

बाहेर कप मांडलेले. मॅनेजरबाईही मूळच्या चाखणाऱ्याच, त्यामुळे पाण्यासारख्या बिनवासाच्या. नवरा पहिल्या कपावर वाकला होता. बिस्किटांची बशी घेऊन ती आत आली आणि त्याचा चमचा हवेतच थांबला.

"लिंबाचं लावलंयस?"

"हो. मला लावायचं होतं."

"सर, खिडकी उघडू का?" बाई गडबडीने उठल्या.

"राहू दे." तो चमचा ठेवून तिच्याकडे आला. "हे बरोबर नाही. माझ्यावर हे कोरडं होतं, साल किसल्यासारखं. तुझ्यावर गोड झालंय. का झालं?"

"मला काय विचारता? चाखणारे तुम्ही."

तो बाईंकडे वळला. "चहा चांगला असेल तुमचा. पण मला नाही जमायचं, बाई."

"सर, अर्धा दिवस! हवं तर आठवड्यातून तीनदाच..."

"नाही. फळीभर बाटल्या आहेत. मी नुसत्या माझ्यावरच लावून बघितल्या, अर्धंच काम झालं." एवढं बोलून तो मान वाकवून तिच्या कानामागे नाक घेऊन गेला आणि भर दिवसा, भर दिवाणखान्यात, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"अहो! बाई बसल्यात!"

"बसू देत. हलू नकोस, खालचं आता येतंय."

मॅनेजरबाईंनी लगबगीने समोरचा कप उचलला आणि नमुन्याचा तो अख्खा चहा, न थुंकता, पिऊन टाकला.