दिव्यदृष्टीची वायर

गुरुवारी सकाळी किलवणी रस्त्यावरच्या त्या बंगल्यापुढे चपलांचा ढीग पडायचा. रांध्याहून, वासोण्याहून टेम्पो भरून माणसं येत. कारखान्यातल्या बायका पाळी सुटली की घरी न जाता थेट रांगेत बसत. प्रत्येकाच्या हातात एक पुरचुंडी. व्हरांड्यात देवीची मोठी तसबीर होती. तिच्यापुढे पुरचुंडी सोडायची, आतली वस्तू वर धरून देवीला दाखवायची, पुन्हा गाठ मारायची आणि मग आतल्या खोलीत जायचं. आत गादीवर दिव्यदृष्टी बाबा. त्यांच्यापुढे मखमलीने झाकलेला देव्हारा, तोंड बाबांकडे. माणूस आत येईपर्यंत ते देव्हाऱ्यात वाकून 'ध्यान' लावत आणि मग वर बघून पुरचुंडीला हातही न लावता म्हणत, "बेटी, पैंजण आणलंस. एकच आणलंस. जोडीचं कुठे गेलं?"

बाई रडत पायांवर पडायची.

१९९७ सालची ही गोष्ट. मी नवनाथ, मूळचा धुळ्याकडचा, सिल्वासात टीव्ही दुरुस्त करणारा. बाबांना कसं दिसतं हे मला ठाऊक होतं, कारण ते मीच बसवून दिलं होतं.

बाबा येण्याच्या दोन महिने आधी बंगल्याचे मालक कल्पेशशेठ यांनी मला बोलावलं होतं. "नवनाथभाई, चोरांची बीक लागते, भीतीने झोप येत नाही. फाटकाशी कोण उभा आहे ते मला आत बसून दिसलं पाहिजे." मुंबईहून त्यांनी कॅमेरा आणला होता. घरात कॅमेरा बसवायचं काम मी तोवर केलं नव्हतं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात तो बसवला, लाकडी पट्टीतून वायर आत नेली, छोट्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडली. पडद्यावर फाटक उमटलं तेव्हा शेठनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. मीही खूश झालो.

पुढे बाबांचं नाव झालं म्हणून मीही दर्शनाला गेलो. कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. माझ्या पट्टीला नवा तुकडा जोडून ती तसबिरीमागे नेली होती. देवीच्या मुकुटातला काळा खडा खडा नव्हताच, भोक होतं. मला तिथेच सगळं उमगलं.

शेठना बाजूला घेऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "लोक तुलाच विचारतील ने, लावला कोणी? तुझं दुकान फोडतील."

मी गप्प बसलो. भीती होतीच, पण तेवढंच नव्हतं. शेकडो माणसं माझ्या हातच्या कामापुढे हात जोडत होती आणि त्याची मला मनातून गंमत वाटत होती. हे सांगताना आजही मान वर होत नाही.

माझ्या चाळीत भिमाबाई राहायची. माझ्याच तालुक्यातली, सूत कारखान्यात कामाला. तिच्या दहा वर्षांच्या सोनीला फेफरं यायचं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी वर्षभर ते थांबलं होतं. भिमाबाईने त्या गोळ्याच पुरचुंडीत बांधून नेल्या. संध्याकाळी हरखून माझ्याकडे आली.

"नवनाथभाऊ, गाठ पक्की होती रे! तरी गोळ्या त्याले दिसल्या. म्हणाला, या गोळ्या देवीची वाट अडवतात, आजपासून बंद. ज्याले बंद पुरचुंडीतलं दिसतं, त्याले पोरीच्या डोक्यातलं दिसणार नाही का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "डॉक्टरला एकदा विचार, भिमाताई." एवढंच.

नवव्या दिवशी सोनीला चुलीपाशी झटका आला. उकळत्या डाळीत उजवा हात गेला.

प्रमिलाबाई सोनीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या. दवाखान्यातून त्या सरळ माझ्या दुकानात आल्या. "नवनाथ, मी तीन गुरुवार रांगेत बसले. बाबा वस्तू सांगतात, रंग कधीच सांगत नाहीत. बांगड्या म्हणतात, हिरव्या की लाल ते नाही. काळ्यापांढऱ्या टीव्हीसारखं. असं आत बसून बाहेरचं बघता येतं का?"

"मला काय ठाऊक, बाई," मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

पुढच्या गुरुवारी मी गेलो, का ते मलाही सांगता आलं नसतं. खोलीच्या दाराशी दाटी होती. प्रमिलाबाईंनी तसबिरीपुढे किल्ली वर धरली, गाठ मारली, आणि आत शिरताना पदराआड ती पुरचुंडी बदलून दुसरी हातात घेतली. बाबांनी देव्हाऱ्यातून मान वर केली, डोलले, म्हणाले, "किल्ली! बेटी, तुझ्या नशिबाचं कुलूप मी उघडणार!"

बाईंनी गाठ सोडली. आत खडू होता.

बाबा मात्र पटाईत. "पाहा, पाहा! हिच्या मनात पाप, म्हणून किल्लीचा खडू झाला! माझ्या देवीची लीला!"

आणि लोकांनी हात जोडले. कुणीतरी जयजयकारही केला. भिमाबाई तिथेच होती, तिनेही हात जोडले. ते जोडलेले हात पाहिले आणि मला राहवलं नाही.

"लीला नाही," मी ओरडलो. "तसबिरीमागे कॅमेरा आहे. देव्हाऱ्यात टीव्ही आहे. वायर मी ओढली आहे."

कुणीतरी मखमल ओढली. आत व्हरांड्यातली रांग दिसत होती, इवलीशी, काळीपांढरी. बाबांनी मागचं दार गाठलं. शेठ म्हणू लागले, "मला काहीच खबर नाही." एकाने माझ्या थोबाडीत दिली. मी हात वर केला नाही.

भिमाबाई गर्दीतून पुढे आली. "गोळ्या बंद केल्या तेव्हा तुले ठाऊक होतं?"

"होतं."

ती पदर सारखा करून निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. सोनीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, झटके थांबले. पण उजव्या हाताची तीन बोटं चिकटली ती चिकटलीच. प्रमिलाबाईंनी तिला डाव्या हाताने लिहायला शिकवलं.

वाचकहो, कुणी तुमच्यापुढे चमत्कार केला, तर आधी विचारा, हे कसं होतं? उत्तर मिळेपर्यंत पाया पडू नका. पुरचुंडीतलं सांगणाऱ्याला आजार कळतोच असं नाही. डॉक्टरने दिलेली गोळी कोणाच्या शब्दावर थांबवू नका. आणि ज्यांना युक्ती ठाऊक आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: बोला. बाबा तर परका होता, त्याला सोनीचं नावही माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी राहत होतो.